खिडकीएवढा चैत्र

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्च रोजी, बुधवारी आला. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून एकवीस दिवसांच्या देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली होती आणि मध्यरात्रीपासून ती अमलातही आली होती. शके १९४२ चा पहिला सूर्योदय झाला तो असा बंद दारांवर. गुढीसाठी कडुनिंबाचा डहाळा आणायला खाली उतरावे की उतरू नये, हा त्या सकाळी कित्येक घरांत पडलेला प्रश्न आज कोणास हास्यास्पद वाटेल; त्या दिवशी तो तसा वाटला नव्हता. आमच्या इमारतीच्या रखवालदाराने कुंपणालगतच्या झाडाची एक डहाळी तोडून जिन्याच्या कठड्यावर ठेवली. प्रत्येक बिऱ्हाडाने एकेकट्याने, जणू काही चोरी करीत असल्यासारखे येऊन, आपापली चार पाने खुडून नेली. त्या डहाळीला मोहोर होता. पांढरी, बारीक, मधाळ वासाची ती फुले मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रथमच निरखून पाहिली. चाळीस वर्षे मुलांना विज्ञान शिकविलेल्या माणसाने ही कबुली देणे फारसे भूषणावह नाही.

त्या दिवशी मी त्या मोहोराचा एक फोटो घेतला आणि सांगलीला माझ्या थोरल्या भावाला पाठविला. या लेखाचे मूळ तेवढेच आहे.

त्या चैत्राला आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. माणसांनी तो काळ विस्मृतीच्या कोनाड्यात ढकलून दिला आहे, आणि क्वचित कोणी त्याची आठवण काढलीच तर ती दोनपैकी एका सुरात निघते. काहींना ती सक्तीची का होईना पण गोड सुट्टी वाटते: स्वच्छ हवा, पक्ष्यांचा किलबिलाट, घरची माणसे घरात. इतरांना हा सूरच मुळी निलाजरा वाटतो. देश रस्त्यावर पायी चालत असताना गॅलरीत उभे राहून बुलबुलांचे फोटो काढणाऱ्यांची ते चेष्टा करतात. प्रस्तुत लेखक या फोटो काढणाऱ्यांपैकीच एक असल्याने त्या चेष्टेस उत्तर देण्याचा नव्हे, तर निदान आपला हिशेब मांडण्याचा त्यास अधिकार आहे असे मी समजतो.

प्रथम जे खोटे होते ते बाजूला करू. निसर्ग मोकळा श्वास घेऊ लागला आहे, या आशयाच्या चित्रांचा मार्च-एप्रिलमध्ये नुसता पूर आला होता. व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आले, हंस परतले, ही वार्ता जगभर फिरली. ते डॉल्फिन सार्डिनिया बेटाच्या एका बंदरातले होते, आणि ते हंस व्हेनिसनजीकच्या बुरानो बेटावर नेहमीच असतात, हे मार्च महिन्यातच उघड झाले. परंतु तोवर सांत्वनासाठी भुकेलेल्या लोकांनी ती छायाचित्रे कोट्यवधी वेळा एकमेकांना वाटून टाकली होती. खोट्या सांत्वनाची चलती नेहमीच खऱ्यापेक्षा जोरात असते.

पण म्हणून सारेच खोटे नव्हते. एप्रिलच्या प्रारंभी पंजाबातील जालंदरच्या गच्च्यांवरून धौलाधारच्या हिमाच्छादित रांगा दिसू लागल्या. आयुष्यभर तेथे राहिलेल्या तरुण माणसांनी त्या कधी पाहिल्या नव्हत्या. भूकंपमापन करणाऱ्या शास्त्रज्ञांनी जगभरच्या यंत्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा माणसाच्या हालचालींमुळे भूपृष्ठात सतत चालू असणारी बारीक थरथर त्या महिन्यांत जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. सान फ्रान्सिस्कोच्या परिसरातील एका जातीच्या चिमण्यांचे गाणे एलिझाबेथ डेरीबेरी यांच्या पथकाने पूर्वी नोंदवून ठेवले होते. टाळेबंदीत ते पुन्हा ऐकले, तर चिमण्या आता हळू आवाजात गात होत्या, आणि तरीही त्यांचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर ऐकू येत होते. वाहनांच्या गोंगाटावर मात करण्यासाठी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओरडावे लागत होते, ते आता लागेनासे झाले. या एका निष्कर्षावर मी बराच काळ विचार करीत राहिलो. आमच्या शाळेचे वर्ग हमरस्त्याच्या कडेला होते, आणि माझाही आवाज निवृत्तीपर्यंत तसाच चढलेला राहिला.

आमच्याकडे, पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी, परत आले असे काहीच नव्हते. टेकडी फिरणाऱ्यांना बंद झाली, एवढाच फरक. तांबटाचे घण घातल्यासारखे टुक-टुक पूर्वीही चालत असणार; कोकीळ दरवर्षीच पहाटे चारला कंठ फोडीत असणार. पिंपळाची तांबूस पालवी, पीतमोहराच्या पिवळ्या पाकळ्यांचा रस्त्यावर पडणारा सडा, उत्तररात्री टेकडीवरून येणारी मोरांची हाक, यांपैकी काहीही टाळेबंदीने निर्माण केले नव्हते. परत आलो होतो ते आपण. सकाळी सात ते सायंकाळी सात या वेळात घरी असणे, ही आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला शाळेत जायला लागल्यापासून प्रथमच आलेली गोष्ट होती. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे. बारा महिन्यांच्या निसर्गाची ती निरीक्षणे आपल्या भाषेत साठ-पासष्ट वर्षे उपलब्ध होती, परंतु ती बहुतेकांनी वाचली ती निसर्ग पाहण्यासाठी नव्हे, भाषा पाहण्यासाठी. माझ्यापुरते तरी ते तसेच होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालण्याच्या तारेला कोळिष्टकासारखे काहीतरी लोंबू लागले. केरसुणीने ते काढून टाकण्यासाठी मी हात उचललाही होता. तेवढ्यात एक फिकट पिवळसर पोटाची, अंगठ्याहून थोडी मोठी, बाकदार चोचीची पक्षीण येऊन त्या कोळिष्टकाला लोंबकळली आणि चोचीतला सुक्या पानाचा तुकडा तिने त्यात खोचला. ती जांभळ्या शिंजिराची मादी होती. पुढचे आठ-दहा दिवस तिने एकटीने ते घर बांधले. कोळ्याचे जाळे हा तिचा सिमेंटचा माल. त्यात सुकी पाने, सालींचे कपटे, कागदाचे तुकडे, अळ्यांची विष्ठासुद्धा. आणि आतून सावरीच्या मऊ कापसाचे अस्तर. प्रवेशद्वारावर पावसाची झड लागू नये म्हणून पुढे आलेली छोटीशी पडवी. नर दिसायला देखणा, उन्हात निळा-जांभळा झळाळणारा. तो समोरच्या शेवग्यावर बसून गात असे. बांधकामाला त्याचा हात लागलेला मी पाहिला नाही. आमच्या घरात यावर जी टिप्पणी झाली ती येथे देण्याचे कारण नाही.

आमचे कपडे दोन महिने घरात पंख्याखाली वाळले.

माझ्याजवळ मोबाइलचा कॅमेरा होता, आणि त्यापूर्वी आयुष्यात एकच कॅमेरा मी हाताळला होता: आगफा क्लिक थ्री. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरांतून दिसणारा तो काळा डबा पुष्कळ वाचकांना आठवत असेल. तो दादाचा होता. त्याने पाटबंधारे खात्यातल्या पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून घेतला होता. एका रोळात बारा फोटो. बारा म्हणजे बारा, तेरावा नाही. रोळ धुवायला टाकण्याचे पैसे वेगळे, म्हणून तो दोन-दोन महिने पुरवावा लागे. ऊन पाठीशी घ्यायचे, तीन पावले मागे सरायचे, श्वास धरायचा, आणि कळ दाबण्यापूर्वी स्वतःला विचारायचे की हा बारांपैकी एक होण्याच्या योग्यतेचा आहे का, हे दादाचे शिक्षण. कित्येकदा तो डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेई आणि म्हणे, “पाहिले ना? मग झाले.”

त्या बारा-बारांतून जमलेले आमच्या आईवडिलांचे, लग्नांचे, विहिरीवरच्या मोटेचे, कृष्णाकाठचे फोटो चार अल्बमांत होते आणि ते अल्बम सांगलीच्या घरी दादाकडे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. दादाच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. ते ओसरल्यावर अल्बम सापडले, पण त्यांतली पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ती उन्हात वाळवून सुरीने सोडविण्याचा प्रयत्न वहिनींनी केला. पाने सुटली, चेहरे सुटले नाहीत. त्यानंतर दादा फोटोंविषयी बोलेनासा झाला. जन्मभर नद्यांच्या पातळ्या रजिस्टरात लिहिलेल्या माणसाला आपल्याच नदीने असे गाठावे, याचा त्याला राग होता की शरम, हे मला कधी नीट कळले नाही.

म्हणून पाडव्याच्या दिवशी कडुनिंबाच्या मोहोराचा फोटो पाठविला त्यावर त्याचे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. ते तासाभराने आले. दोनच शब्द होते: ‘हलला आहे.’

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाठविला. या वेळी कोपर कठड्यावर टेकवून. तेव्हापासून रोज सकाळी एक फोटो आणि दुपारपर्यंत त्याचा निकाल, असा परिपाठ पडला. दिवसाला एकच फोटो पाठवायचा ही अट त्याची. मोबाइलवर शंभर काढता येतात हे त्याला ठाऊक होते, पण ‘त्यातला एक कोणता ते तू ठरव, ते काम माझ्यावर टाकू नकोस’ असे त्याने बजावले होते. या एका अटीने माझे दिवस बांधले गेले. बातम्यांतले आकडे दिवसेंदिवस चढत होते. ते ऐकत बसण्याऐवजी मी आजचा एक कोणता, या विवंचनेत असे. सांत्वन, सांत्वन म्हणतात ते माझ्या अनुभवात काही गूढ नव्हते. ते बव्हंशी या विवंचनेचे दुसरे नाव होते. काळजीला जागा लागते. ती जागा एक शिंजिर, एक उजेडाची तिरीप आणि सांगलीहून येणारा एक शेरा यांनी अडवून टाकली होती.

छायाचित्रण ही रस्त्यावरची, प्रवासाची, दूरदेशीची कला आहे, असा आपला समज असतो. तिचा जन्म मात्र घरच्या खिडकीत झाला आहे. आज उपलब्ध असलेले जगातले सर्वांत जुने छायाचित्र फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६ किंवा १८२७ साली घेतले, ते आपल्या घराच्या माडीवरच्या खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचे. डांबराचा थर दिलेल्या कथिलमिश्रित पत्र्यावर ते उमटायला निदान आठ तास लागले, आणि तेवढ्यात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस गेल्याने दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन दिसते. इंग्लंडमध्ये फॉक्स टालबटचे १८३५ च्या ऑगस्टमधले जे टपालाच्या तिकिटाएवढे निगेटिव्ह शिल्लक आहे, तेही त्याच्या राहत्या वाड्यातील जाळीदार खिडकीचेच. त्यासाठी त्याने लहान लहान लाकडी खोकी घरभर ठेवली होती. त्याची पत्नी त्यांना उंदराचे सापळे म्हणत असे. वरवर पाहता कारण साधे होते. त्या काळच्या रसायनांना तासन्‌तास लागत आणि तितका वेळ हलत नाही अशी गोष्ट म्हणजे आपल्या खिडकीबाहेरचे जग. पण आम्हांलाही त्या वसंतात वेळच वेळ होता, आणि हलण्याची मुभा नव्हती.

झेक छायाचित्रकार योसेफ सुदेक याचे उदाहरण याहून जवळचे आहे. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे प्राग शहर जर्मनांच्या ताब्यात असताना बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणे धोक्याचे झाले, तेव्हा १९४० पासून त्याने आपल्या बागेतल्या लाकडी स्टुडिओच्या खिडकीचे फोटो घ्यायला सुरुवात केली. काचेवरचे दव, ओघळ, हिवाळ्यातले बर्फाचे पापुद्रे, आणि पलीकडे एक वाकडे झाड. १९५४ पर्यंत, म्हणजे युद्ध संपून गेल्यावरही नऊ वर्षे, तो तीच खिडकी टिपीत राहिला. आंद्रे केर्तेस म्हातारपणी न्यू यॉर्कमध्ये राहत होता. १९७७ मध्ये पत्नी गेल्यावर तो घरातच, खिडकीच्या कडेला, काचेची एक छोटी अर्धमूर्ती ठेवून पोलरॉइड कॅमेऱ्याने तिच्यातून दिसणारे आकाश आणि मनोरे टिपू लागला. हे दोघे थोर कलावंत होते आणि आम्ही गॅलरीतले हौशी. तुलना करण्याचा हेतू नाही. पण युद्ध आणि वियोग अशा दोन अगदी निराळ्या संकटांत सापडलेली ही माणसे त्याच एका जागी जाऊन बसली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुदेकच्या झाडामुळे प्राग मुक्त झाले नाही. ते होईल असे त्यालाही वाटत नसावे.

आता त्या दिवसाकडे वळले पाहिजे, ज्याच्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात घरट्यातली पिले अंड्यांबाहेर आली. आता नरही कामाला लागला होता. दोघे आळीपाळीने किडे घेऊन येत आणि पडवीतून दोन चोची बाहेर निघत. ८ मेच्या सकाळी, सात वाजण्याच्या सुमारास, मला मनाजोगा फोटो मिळाला: तारेला लटकलेला नर, त्याच्या पाठीवर पडलेले कोवळे ऊन, आणि समोर वासलेली एक केशरी चोच. तो दादाला पाठवून मी आत येऊन दूरचित्रवाणी लावली. तेव्हा औरंगाबाद म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून रुळांच्या कडेने पायी निघालेले आणि थकून रुळांवरच झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर पहाटे मालगाडीखाली चिरडले गेले होते. पुढे त्या दिवसभर एक दृश्य पुनःपुन्हा दिसत राहिले. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्या. वाटेत खाण्यासाठी त्यांनी बांधून घेतल्या होत्या.

त्या दिवशी सांगलीहून शेरा आला नाही. रात्री दादाने फोन केला. म्हणाला, “आज तुझा फोटो चांगला आहे. पण आजचा फोटो तो नव्हे.” मी काही बोललो नाही. त्यानेही फोन लगेच ठेवला.

या वाक्याला मी पाच वर्षे उत्तर शोधतो आहे. सोपी उत्तरे पुष्कळ आहेत. मी फोटो काढला नसता तर ते सोळा जण वाचले नसते, हे एक; ते खरे आहे आणि निरुपयोगी आहे. दुःखाच्या काळात सौंदर्याकडे पाहणे हा पळपुटेपणा नव्हे, हे दुसरे. ते भाषणात म्हणायला बरे आहे. खरी अडचण अन्यत्र होती. माझी गॅलरी, माझी तार, माझे निवृत्तिवेतन आणि त्यांतून मिळालेली फुरसत, ही सारी ज्या व्यवस्थेने मला दिली, त्याच व्यवस्थेने त्या सोळा जणांना राहते ठिकाण सोडून रुळांवरून चालायला लावले होते. २०११ च्या जनगणनेत देशातील एकतृतीयांशाहून अधिक कुटुंबे एकाच खोलीत राहत असल्याचे आढळले होते. त्यांच्यासाठी घरी राहा या आज्ञेचा अर्थ खिडकीपाशी बसा असा होत नव्हता. सहा-सात जणांनी पाळीपाळीने झोपा असा होत होता. निसर्ग सर्वांसाठी मोफत आहे असे आम्ही शाळेत शिकविले. तो पाहण्यासाठी लागणारी बसायची जागा मात्र मोफत नाही. टाळेबंदीतल्या निसर्गप्रेमावर जे हसतात त्यांचे एवढे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि ते मान्य करूनही, त्या सकाळी फोटो घेतला नसता तर बरे झाले असते, असे मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी मी फोटो पाठविला नाही. तिसऱ्या दिवशी पाठविला. रखवालदाराच्या हाताचा होता. त्याच्या मुलाबाळांना जाऊन भेटण्याची सोय नव्हती आणि तो गेले सात आठवडे जिन्याखालीच झोपत होता, हे मला त्या निमित्ताने कळले. पाडव्याची डहाळी त्यानेच तोडली होती. त्या फोटोवर दादाचा शेरा होता: ‘चेहरा का नाही?’ रखवालदारानेच नको म्हटले होते. फोटो गावाकडे कोणी पाहिला तर मी असा झालोय हे दिसेल, असे त्याचे म्हणणे.

मेच्या मध्यास सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. गॅलरीच्या गजांना सावली नाही असा फोटो मी पाठविला, तर सांगली दक्षिणेस असल्याने तेथे ही घटना आठवडाभर आधी, सातव्या तारखेच्याच सुमारास घडून गेल्याचे आणि आपण ती अंगणात काठी रोवून पाहिल्याचे दादाने कळविले. मला सांगितले का नाही, असे विचारले तर म्हणाला, “तुझी यायची होती ना.” तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेस असतो, त्यामुळे आमच्या उत्तराभिमुख गॅलरीत मेअखेर प्रथमच मध्यान्हीचे ऊन आले. एकवीस वर्षे मी त्या घरात राहत होतो. मला हे ठाऊक नव्हते, कारण मध्यान्ही मी शाळेत असे.

पिले १७ मेच्या सकाळी उडून गेली. ३ जूनला ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. (नावे ठेवणारांनाही काय सुचेल ते सांगता येत नाही.) पुण्यातही झाडे पडली, समोरचा शेवगा गेला. रिकामे घरटे त्या वाऱ्यात दिवसभर झोके घेत होते आणि तुटले नाही. पुढे आषाढी आली. पालख्या एस. टी.ने पंढरपूरला गेल्या, आणि पालखीच्या मुक्कामाला गजबजणारे पुणे त्या वर्षी सुने राहिले. फोटो चालूच होते.

सप्टेंबरच्या पाच तारखेला दादाला रुग्णालयात न्यावे लागले. त्या महिन्यात आमच्या भागांत साथीचा जोर होता. त्याला पलंग मिळाला हेच भाग्य, असे सर्वांनी सांगितले आणि ते खरेही होते. दुसऱ्या दिवशी तो फोनवर थोडे बोलू शकला. मी विचारले, “खिडकी आहे का?” हा प्रश्न मी का विचारला हे सांगायला हवे. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने १९८४ साली एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पेन्सिल्वेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या नोंदी त्याने तपासल्या. काही खोल्यांच्या खिडक्यांतून झाडे दिसत होती, काहींतून विटांची भिंत. तेवीस-तेवीस रोग्यांच्या जोड्या लावून त्याने पाहिले, तेव्हा झाडे दिसणारे रोगी सरासरीने जवळपास पाऊण दिवस आधी घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली होती. हा निबंध मी शिक्षकांच्या एका शिबिरात कधी तरी वाचला होता. पाऊण दिवस. तो तेव्हा मला फार किरकोळ फरक वाटला होता.

दादा म्हणाला, “आहे. काचेला पांढरा रंग दिलाय.”

मी दिवसाला एकच फोटो हा नियम मोडला. सकाळी एक, दुपारी एक, तिन्हीसांजेला एक असे पाठवू लागलो. टेकडीवरचे ढग, बुलबुलांची जोडी, पावसाने धुतलेला पिंपळ. चार दिवस त्यांच्याखाली दोन निळ्या खुणा उमटत राहिल्या. शेरा नव्हता, पण पाहिल्याचे कळत होते. पाचव्या दिवसापासून एकच करडी खूण येऊ लागली. फोनची विजेरी संपली असेल, तारेचे टोक पलंगापासून दूर असेल, अशी कारणे मी मनाशी देत होतो. त्यांपैकी एखादे खरेही असेल. १४ सप्टेंबरला तो गेला. वहिनी आणि पुतण्या तेव्हा अलगीकरणात होते. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी केले. मी पुण्यातच होतो.

जानेवारीत सांगलीला गेलो तेव्हा वहिनींनी एक वही माझ्या हातात ठेवली. लाल पुठ्ठ्याची, खातेवहीसारखी लांबट. तिच्यात दादाने २५ मार्चपासून माझ्या प्रत्येक फोटोची नोंद ठेवली होती. पट्टीने आखलेले चार रकाने: तारीख, वेळ, विषय, शेरा. जणू काय धरणावरच्या पातळीच्या नोंदी. ८ मेच्या ओळीत विषयाच्या रकान्यात ‘शिंजिर, नर, पिलास भरविताना’ असे होते आणि शेऱ्याचा रकाना कोरा. ९ मेला ‘आला नाही’. १० मेला ‘हात’. शेवटची नोंद ५ सप्टेंबरच्या सकाळची, रुग्णालयात निघण्यापूर्वीची असली पाहिजे, कारण अक्षर थोडे उतरते आहे. विषय: ‘कोतवाल, विजेच्या तारेवर, पाठमोरा.’ शेरा: ‘उजेड कमी. पुन्हा घ्यावा.’

वही घेऊन जा, असे वहिनी म्हणाल्या. मी म्हटले, “राहू द्या तुमच्याकडेच.” मग त्याच म्हणाल्या, “इथे नको. पुन्हा पाणी आले तर?” तेव्हा ती पुण्याला आणली. आमच्या गॅलरीसमोरच्या तारेवर हिवाळ्यात कोतवाल रोज येऊन बसतो. बहुधा पाठमोराच बसतो.